एफची दावण

चेअरमन सुंदररावांनी छावणीतल्या बायांना फुकटचा चहा पाजला, आणि सत्यभामाच्या मनात त्याच दिवशी पाल चुकचुकली. टँकर आला की पहिला हौद स्वतःच्या बैलांपुढं भरून घेणारा हा माणूस. त्याच्याकडून चहा येतो म्हणजे चहाच्या मागून दुसरंही काही येतंय. तिनं कप घेतला, चहा प्याली, पण पिताना नजर सुंदररावांवरून हलवली नाही.

सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं. माजलगावच्या धरणात चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि सिंदफणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. श्रावण आला तसा गेला. सरकारनं जनावरांसाठी छावण्या मंजूर केल्या आणि चालवायला दिल्या सहकारी संस्थांकडं. संस्था म्हणजे कोण? सुंदरराव. दूध संस्था त्यांची, सोसायटी त्यांची, ज्युनिअर कॉलेज त्यांचं, आता दुष्काळही त्यांचाच. सगळ्यांनी मिळून करायचं त्याला सहकार म्हणतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आमच्याकडं सगळ्यांच्या नावावर एकानं करायचं, त्याला सहकार म्हणतात.

सत्यभामाचं जनावर एकच. तांबडी गाय, गाभण, दिवस भरत आलेले. नवरा धर्मराज परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या गाड्या भरायला गेलेला. गावात वैरणीची काडी नव्हती आणि बाजारात गाभण गाईकडं कुणी मान वळवून बघत नव्हतं. छावणीतली जागा गेली तर तांबडी घरच्या रिकाम्या गव्हाणीपुढं उभ्याउभ्या मरणार, पोटातल्या वासरासकट. हे सत्यभामाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मोळी हलकी आली तरी ती गप्प होती. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, नावाखाली वाळलेलं पाचट आलं तरी गप्प. सत्यभामाच्या बौद्ध वस्तीची गुरं, तांबडीसुद्धा, शेवटच्या दावणीला, हौदाचं सांडपाणी साचतं तिथं बांधलेली होती. ती जागा कुणी ठरवली विचारलं तर कुणीच नाही म्हणायचे. आमच्या जिल्ह्यात अशा गोष्टी आपोआप ठरतात.

चहा झाला. सुंदररावांनी घसा साफ केला.

"माय-भगिनींनो, जित्राबं सांभाळता सांभाळता तुमचा दिवस फुकट जातो. म्हणून संस्थेनं ठरवलंय, तुमाला इंग्रजी शिकवायचं. आपला बद्रीनाथ शिकवणार. माझा भाचा. बीएड झालेला हाय."

बाया एकमेकींकडं बघून पदराआड हसल्या. सत्यभामाच्या पुढच्या दावणीला भामाबाईचे दोन बैल होते. कोरडवाहू शेतकऱ्याघरची ही विधवा बाई. बोलायला तिखट आणि भ्यायला त्याहून पुढं. ती सत्यभामाच्या कानात म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई आन् बोलायला इंग्रजी. काय गं ही तऱ्हा?"

"तेच बघायलेय मावशी," सत्यभामा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ सर आले. इस्त्रीचा शर्ट, धुळीनं भरलेले बूट, हातात खडू. पत्र्याच्या शेडला काळा रंग मारून फळा केलेला. त्यावर सरांनी मोठं अक्षर काढलं. एफ.

सत्यभामा दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजीत नापास झाली होती, पण अक्षरं कुठून सुरू होतात एवढं तिला कळत होतं.

"सर, सुरवात एफपासून कावून? ए, बी, सी सुट्टीवर गेलेत काय?"

बाया खिदळल्या. सर कानापर्यंत लाल झाले.

"ताई, ही नवी पद्धत आहे. एका अक्षराचे सगळे शब्द एका दावणीला बांधायचे. एकाचा कासरा ओढला की दुसरा मागं येतो. लवकर ध्यानात राहतं."

पद्धत खोटी नव्हती, हेच वाईट. फॉडर म्हणजे चारा. फीड म्हणजे खाऊ घालणं. फ्रेश म्हणजे ताजा, फुल म्हणजे पोटभर, फ्री म्हणजे फुकट, फाइन म्हणजे झकास, फेअर म्हणजे न्यायाचं. ज्यांनी आयुष्यात कधी पाटी धरली नव्हती, त्या बायाही चार दिवसांत घडाघडा म्हणायला लागल्या. सरांनी एकेका बाईला एकेक शब्द वाटून दिला. भामाबाईला फुल आला, छबुबाईला फ्रेश. सत्यभामाला फेअर. लगेच त्याच नावांनी हाका सुरू झाल्या.

"ए फ्रेश, तुझ्या गाईनं माझ्या पालाच्या तोंडाशी शेण टाकलंय बघ!"

"मग उचल की. फ्रीमधी मिळालंय!"

आणि भामाबाई बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "माझं नाव फुल, आन् ह्याच्या बरगड्या बघा. फुल म्हणं."

सत्यभामाही हसायची. पण आत कुठंतरी खडा टोचत होता. इंग्रजी एवढी मोठी भाषा, तिच्या एवढ्या मोठ्या अक्षरात सगळंच कसं गोड निघतं? चारा, ताजा, पोटभर, फुकट, झकास. हे शब्द नव्हते, सुंदररावांचं भाषण होतं. आणि सर रोज शेवटी मोबाईल समोर धरून म्हणायचे, "आता कॅमेऱ्यात बघून म्हणा, हसून." हसून का? चाऱ्याचा इंग्रजी शब्द रडून म्हटला तर बदलतो का?

दहावीच्या फेरपरीक्षेसाठी तिनं माजलगावच्या स्टँडसमोर फूटपाथवरून एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली होती. मग लग्न झालं, परीक्षा राहिली, डिक्शनरी मात्र गाठोड्यात राहिली. शेंगदाणे बांधायला तिची पानं फाडू नकोस म्हणून ती धर्मराजशी भांडलेलीही होती. एका दुपारी गुरं रवंथ करत बसली असताना तिनं गाठोडं सोडलं आणि एफची पानं काढली.

ती वाचतच राहिली. शब्दांखाली मराठी अक्षरात उच्चार दिलेला होता, त्यावरून बोट फिरवत, ओठ हलवत. फेक म्हणजे बनावट. फॉल्स म्हणजे खोटं. फॅमिन, दुष्काळ. फ्यू, थोडके. फिगर, आकडा. फियर, भीती. फ्रॉड, फसवणूक. फॅक्ट, खरी गोष्ट. तांबडीनं मान वळवून तिच्या मांडीवरचा पदर चघळला तेव्हा ती भानावर आली.

एकाच अक्षराची घरं ही. सरांनी अर्धी दावण सोडून आणली होती आणि अर्धी अंधारात बांधून ठेवली होती.

तेवढ्यात समोर भामाबाई उभी दिसली. तिची नजर पुस्तकावर होती.

"काय वाचायलीस?"

"काय न्हाई."

"एवढं काय न्हाई वाचताना माणूस घामाघूम व्हत न्हाई," भामाबाई म्हणाली आणि निघून गेली. थोड्या वेळानं ती सुंदररावांच्या म्हाळूशी बोलताना दिसली. म्हाळू म्हणजे छावणीवरचा मुकादम, चेअरमनचे कान. सत्यभामानं डिक्शनरी गाठोड्यात खुपसली.

संध्याकाळी हौदावर सर हात धूत होते. सत्यभामा बादली घेऊन बाजूला उभी राहिली.

"सर, एफमधला फ्रॉड राहिला की शिकवायचा."

सरांच्या हातातला साबण हौदात पडला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

"ताई, कुठून काढलात हे?"

"पुस्तकात हाय. तुमच्या पुस्तकात न्हाई काय?"

"हे बघा, दिल्लीचं पथक येणार आहे. छावणी बघायला. इंग्रजीत बोलतील. बायांनी दोन चांगले शब्द सांगितले तर संस्थेला पुढचे महिने मिळतील. तुमच्याच गुरांना चारा मिळेल ना?"

"मिळतो का आता?"

सरांनी साबण हौदातून काढला. मग हळूच म्हणाले, "ताई, सहा वर्षं मामांच्या कॉलेजात बिनपगारी शिकवतोय. माझी फाईल त्यांच्या टेबलावर आहे."

"फाईल," सत्यभामा म्हणाली. "तीबी एफचीच."

सर हसले नाहीत. तिलाही नंतर वाईट वाटलं. हा माणूसही कुणाच्या तरी दावणीलाच होता, फक्त त्याचा कासरा इस्त्रीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदरराव स्वतः शेवटच्या दावणीला आले. पांढऱ्या धोतराला सांडपाणी लागू नये म्हणून दगडावर दगड ठेवून उभे राहिले. तांबडीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला.

"गाय चांगली हाय तुझी. कधी विणार?"

"ह्या पंधरवड्यात, चेरमनसाहेब."

"व्हय. इथं वैरण हाय, पाणी हाय, डाक्टर येतो. दुसरीकडं कुठं न्हेशील?" त्यांनी खुंट्याला पायानं हळूच टोकरलं. "कासरा तुझा हाय, पर खुंटा संस्थेचा हाय. खुंटा उपटायला लई येळ लागत न्हाई. काय ते पुस्तक वाचायलीस म्हणं? वाच. वाचनानं डोकं चालतं. तोंड तेवढं चालवू नको."

ते गेले. सत्यभामा भामाबाईकडं बघत राहिली. भामाबाईनं मान खाली घातली आणि बैलांच्या पुढ्यातलं पाचट उगाचच सारखं करत राहिली. हिनंच लावलं, सत्यभामाला वाटलं. एका हौदावर पाणी भरतो, एका पत्र्याखाली शब्द म्हणतो, आणि ही! त्या दिवसापासून ती भामाबाईशी बोलली नाही. हाक आली तरी नाही.

पथक यायच्या दिवशी पहाट झाली आणि गेवराईच्या बाजूनं टेम्पो आले. त्यातून चकचकीत गुरं उतरली. भरलेल्या पाठीची, शिंगांना तेल लावलेली. कागदावरचा आकडा भरायला आणलेली, सुंदररावांच्या पाहुण्यांची. म्हाळूनं त्यांच्या कानात छावणीचे बिल्ले ठोकले आणि पुढच्या दावणीला, रस्त्याकडून पहिली दिसतील अशी बांधली. आमची गुरं मागं सरकवली. पुढच्या गव्हाणीत हिरवागार ऊस पडला, एवढा की आमच्या बैलांनी वासावरून माना ताणल्या आणि दावी ताठ झाली. टेम्पो लिंबाच्या मळ्याआड नेऊन उभे केले.

अकराच्या सुमारास गाड्या आल्या. दिल्लीच्या मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. बरोबर तालुक्याचा साहेब होता. तो सगळ्यात जास्त सुंदररावांकडं बघून मान हलवत होता. मॅडमना मराठी येत नव्हती. हिंदी-इंग्रजी बोलत होत्या.

सरांनी बायांना रांगेत उभं केलं. सत्यभामानं रात्री मनाशी ठरवलं होतं, आपली पाळी आली की फेअर म्हणायचं नाही. दुसरा शब्द म्हणायचा. तिच्या शेजारी भामाबाई उभी राहिली. ती पुटपुटली, "पोरी, छावणी बंद पाडतील. मग माझे बैल कुठं न्हेऊ? तुझी गाय कुठं न्हेशील?" आणि तिनं सत्यभामाचा हात घट्ट दाबला.

छबुबाई म्हणाली, "फ्रेश." भामाबाई म्हणाली, "फुल." मॅडम थोडं हसल्या. सत्यभामाची पाळी आली. तिला तांबडीचं पोट दिसलं.

"फेअर," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

इथंच सगळं संपलं असतं. कारण मॅडमनी चहाचा कप हातात घेतला होता आणि ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं होतं. पण सुंदररावांना यश पचत नव्हतं. लग्नात, बारशात, जिथं चार पाहुणे जमतील तिथं बायांना नाव घ्यायला लावणं ही आपल्या मोठ्या माणसांची जुनी हौस. ते पुढं झाले.

"मॅडम, अवर कल्चर! वाइफ, हसबंड, नेम!" आणि बायांकडं वळून म्हणाले, "घ्या गं कुणीतरी नाव! सत्यभामे, तू घे. तू हुशार. इंग्रजी शब्द घालून घे, मॅडमला समजलं पाहिजे!"

बाया ओरडल्या, "घे घे! लाजू नको!"

सत्यभामानं पदर नीट केला. लाजण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या अंगातली भीती कुठं गेली कुणास ठाऊक. हा माणूस आता स्वतःच्या हातानं कासरा सोडत होता. तिनं पुढच्या दावणीकडं बोट केलं आणि लग्नात घेतात तशा चालीत, खणखणीत आवाजात म्हणाली:

"फॉडर फ्यू, फिगर फॉल्स, फेक पुढची दावण,
फॅमिनमधी फ्रॉडच फ्रॉड, कोरडा गेला श्रावण,
धर्मराजचं नाव घेते, फियर धरू कावून?"

सुंदररावांच्या कानात यमक तेवढं गेलं; त्यांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. "वा! वा! श्रावण, दावण! बघा मॅडम!" तालुक्याचा साहेबही त्यांच्याकडं बघून वाजवायला लागला. बायांनी तर आरोळीच ठोकली. फक्त बद्रीनाथ सरांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. आणि मॅडमचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला होता.

त्यांना दावण कळली नव्हती, श्रावण कळला नव्हता, धर्मराज तर नव्हताच. जे कळलं ते फक्त एफचे शब्द. आणि ते बोट.

"व्हॉट डिड शी से?"

"फोक साँग, मॅडम," तालुक्याचा साहेब घाईनं म्हणाला. "फोक साँग. हसबंडका नाम."

"नो," सत्यभामा म्हणाली. आवाज आता चालीत नव्हता. "फॅक्ट."

सुंदररावांची टाळी हवेतच राहिली. त्यांना शब्द कळला नव्हता, पण मॅडमचा चेहरा कळला. "मॅडम, ही बाई जरा..." त्यांनी डोक्याशी बोट फिरवलं. "माथा गरम."

मॅडमनी कप ठेवला. हिंदीत विचारलं, "कौन-से जानवर नकली हैं? साबित कैसे होगा?"

सत्यभामाला हिंदी कळली. तिनं गुरांच्या कानांकडं बघितलं. बिल्ले तर सगळ्यांच्याच कानात होते. तेव्हा बाजूनं आवाज आला. भामाबाईचा. लहानपणी निजामाच्या अमलातल्या बापाकडून ऐकलेली मोडकीतोडकी हिंदी तिला येत होती.

"छोड के देखो बाई. सबके दावे छोडो. जित्राब अपना खुंटा पहचानता. माणूस झूठ बोलता, बैल नै बोलता."

म्हाळू पुढं धावला, पण मॅडमनी हात वर केला. "खोल दो. सब."

बाया लगेच धावल्या. दावी सुटली. दोन महिने रोज हौदावर पाणी पिऊन आपापल्या जागी परतायची सवय झालेली गुरं. भामाबाईचे बैल मागून निघाले ते सरळ पुढं आले आणि स्वतःच्या खुंट्यापाशी उभ्या असलेल्या पाहुण्या बैलाला शिंग मारून जागा मोकळी करून घेतली. छबुबाईची गाय तिच्या जागी गेली. तांबडी पोट सांभाळत, कुठंही न बघता, सांडपाण्याच्या कडेला आपल्या खुंट्याशी जाऊन बसली.

आणि पाहुण्यांची गुरं? ती मैदानात गोंधळून उभी राहिली. एक पांढरा बैल मात्र शहाणा निघाला. तो लिंबाच्या मळ्याकडं चालायला लागला, त्याच्या मागं बाकीचे. मळ्याआड टेम्पोच्या फळीपुढं जाऊन तो उभा राहिला, आता घरी चला म्हणत.

आधी छबुबाई हसली, आणि मग कुणाला आवरेना.

मॅडमनी काटा मागवला. मागच्या दावणीच्या मोळ्या स्वतःसमोर मोजायला लावल्या. जाताना तालुक्याच्या साहेबाला कडक इंग्रजीत काहीतरी सुनावलं. सत्यभामाला त्यातला एकच शब्द पकडता आला. फाइन. तो झकास होता की दंड, हे तिनं नंतर डिक्शनरीत बघायचं ठरवलं.

त्या संध्याकाळी मोळ्या भरून आल्या. तांबडी हिरवा ऊस कडाकडा चावत होती. पण सत्यभामाला झोपेआधीच ठाऊक होतं, हे एवढ्यावर भागणारं नाही.

सकाळी ती हौदावरून परतली तर तांबडीचा खुंटा उपटून टाकलेला होता. खड्ड्यात सांडपाणी शिरलं होतं. म्हाळू बाजूला बिडी ओढत होता.

"बिल्ल्यात गडबड हाय तुझ्या गाईच्या. चेरमनसाहेबांनी सांगितलंय. घेऊन जा."

सत्यभामा तांबडीचा कासरा धरून उभी राहिली. रडायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तेवढ्यात भामाबाई आली. तिनं कासरा सत्यभामाच्या हातातून घेतला, तांबडीला ओढत पुढं नेलं आणि आपल्या बैलांच्या मधोमध, आपल्याच खुंट्याला बांधलं.

"ए भामाबाई, दुसऱ्याचं जित्राब कावून बांधायलीस?" म्हाळू ओरडला.

"दुसऱ्याचं कसं बे? टेम्पोतली गेवराईची गुरं तुमच्या छावणीत चालतात, आन् वस्तीतली गाय चालत न्हाई व्हय? उपट हाबी खुंटा. बोलाव तुझ्या चेरमनला. मॅडमचा फोन नंबर सरानं लिहून दिलाय मला."

सरांनी खरंच दिला होता की भामाबाई ठोकून देत होती, हे सत्यभामाला कधीच कळलं नाही. म्हाळूलाही नाही. तो थुंकला आणि गेला.

"मावशी," सत्यभामा म्हणाली, "मला वाटलं, तुमीच सांगितलं चेरमनला पुस्तकाचं."

"माहीत हाय. चार दिवस तोंड फिरवून हिंडलीस." भामाबाईनं तांबडीपुढं वाढं टाकलं. "सर सांगून आला. भाचा हाय त्येचा. मी म्हाळूला एवढंच म्हणत व्हते, पोरगी वाचायलीय, तिला त्रास दिऊ नका. भ्याले व्हते गं. तू काय करशील म्हणून भ्याले."

सर त्यानंतर छावणीत दिसले नाहीत. फळ्यावरचं एफ बायांनीच पुसलं. दुपारी सत्यभामा डिक्शनरी घेऊन पत्र्याखाली बसली. बाया आल्या. शेडच्या खांबाला टेकून म्हाळूही आला. आता त्याला चेअरमननं ऐकायलाच पाठवलं होतं. आधी आम्ही त्यांच्यावर नजर ठेवून होतो, आता ते आमच्यावर.

"आज कोणतं गं?" छबुबाईनं विचारलं.

सत्यभामानं बोट रस्त्यापलीकडच्या संस्थेच्या पाटीकडं केलं. को-ऑपरेटिव्हचं पहिलं अक्षर. "सी."

"सीमधी काय काय येतं?"

"लई येतं. लबाड अक्षर हाय, कधी क म्हणतं, कधी च, कधी स. काऊ. काफ म्हणजे वासरू. कॅटल. चेअरमन." तिनं पान उलटलं. "चीट म्हणजे..."

बाया आधीच हसायला लागल्या होत्या. म्हाळूनं बिडी विझवली.

"काय म्हणू जाऊन?" तो वैतागून म्हणाला. "विचारतेत मला."

"सांग की," सत्यभामा म्हणाली, "सी चाललंय. एका दावणीला बांधायलोय."